पुढून दोन इंच: नंदगडकडच्या एका पिकअपचं प्रकरण

मागच्या वर्षी रोहिणी लागायच्या आधी आठवडाभर खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या पलीकडच्या एका गावातले मामा पिकअप घेऊन आमच्या शेडवर आले. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेलं गिऱ्हाईक दोनदा आलं की मामाच होतं. गाडी डबल कॅबिन, फोर बाय फोर, नऊ वर्षांची, पिवळ्या पाटीची. ऊस लागणीच्या दिवसांत बेणं, नंतर खताची पोती, सुगीत भात, आणि मधल्या काळात जे मिळेल ते भाडं. खाली उतरायच्या आधीच त्यांनी काम सांगून टाकलं.

"मेस्त्री, पुढनं दोन इंच उचलून द्या. भाच्याच्या गाडीला पंचवीसचा स्पेसर घातलाय की, तसलाच घाला."

भाच्याची गाडी मला माहीत होती. तीही पिकअपच, पण नव्या पिढीतली. पुढं कॉइल स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉकअप, असा एकत्र खांब. मामांच्या गाडीला पुढं कॉइल स्प्रिंगच नाही. तिला टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळ्या. त्यामुळं 'तसलाच' स्पेसर, म्हणजे उंची वाढवायला मध्ये ठेवायचा ठोकळा, घालायला जागाच नाही, हे त्यांना गाडीखाली नेऊन दाखवावं लागलं. मामा खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "मग हिला काय घालतात?" हे लिखाण त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मामांना ते द्यायला मला एक महिना लागला.

आधी काय घासतं ते बघितलं

गाडी उचलायला येणाऱ्या दहातल्या आठजणांना नेमकं काय खाली लागतं ते सांगता येत नाही. "पुढनं लागतंय" एवढंच सांगतात. मामांचंही तेच. म्हणून भिंतीला लावायचा चुना घट्ट कालवला आणि गाडीच्या पोटाला जिथं जिथं काही खाली लोंबतं तिथं तिथं फासला. पुढची संरक्षक पत्र्याची प्लेट, टॉर्शन बारची मागची टोकं धरणारा चेसिसचा आडवा मेंबर, सायलेन्सरचा वाक, मागच्या एक्सलचं हाउसिंग, म्हणजे त्याचं लोखंडी कवच. मामांचा मुलगा हसला, "बाबांना चुना लावणारे मेस्त्री लई बघितले, गाडीला लावणारा पहिलाच." म्हटलं, आता नेहमीच्या वाटेनं घरी जा, शेतात जा, उद्या परत या.

दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणचा चुना गेलेला होता. पुढच्या प्लेटची खालची कड, तीही उजवीकडं जास्त. आडवा मेंबर मधोमध. आणि मागच्या हाउसिंगचा गोल पोटाचा भाग तर अगदी धुतल्यासारखा लख्ख. हे तिसरं ठिकाण मामांनी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. मागं लागतं तेव्हा आवाज कॅबिनपर्यंत येत नाही, एवढंच.

कारण शेताच्या वाटेत होतं. गळीत हंगामात कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून त्याच वाटेनं जातात. ओल असताना चाकं रुततात आणि उन्हाळ्यात ती चाकोरी वाळून दगड होते. मुलानं पट्टी टाकून मोजून आणलं: चाकोरीच्या तळापासून मधला उंचवटा सर्वांत वाईट जागी २३० मिलिमीटर. मामांच्या गाडीचं मागचं हाउसिंग जमिनीपासून २०५ वर. पुढची प्लेट घासते ती चाकोरीत नव्हे, शेतात शिरताना बांधावर चढतात तिथं.

म्हणजे एकाच तक्रारीत तीन वेगळी दुखणी होती, आणि तिन्हींना एक औषध लागू पडणार नव्हतं. पुढची प्लेट पुढच्या चाकांच्याही पुढं असते, त्यामुळं पुढची बाजू जेवढी उचलाल त्याहून थोडी जास्तच ती उचलली जाते. आडवा मेंबर या गाडीत पुढच्या एक्सलपासून साधारण १,०५० मिमी मागं आहे, आणि दोन्ही एक्सलमधलं अंतर ३,१५०. पुढून ५० मिमी उचललं तर मेंबरच्या वाट्याला त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ३३ मिमी येतात. हाउसिंगच्या वाट्याला शून्य. ते चाकांनाच जोडलेलं आहे. वरची गाडी पाट्यांवर, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, कितीही उचला, हाउसिंग जिथं आहे तिथंच राहतं. गाडी भरली म्हणून ते खाली येत नाही आणि रिकामी झाली म्हणून वर जात नाही. त्याला वर नेणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मोठा टायर.

उजवी बाजू खाली का होती

उंची मोजताना जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा मध्ये येते. म्हणून चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. डावी पुढची ४९४ मिमी. उजवी ४७०. चोवीस मिमीचा फरक, जवळपास एक इंच, आणि चुन्याची उजवीकडची खूण त्याला साक्ष देत होती.

ड्रायव्हर उजवीकडं बसतो म्हणून ती बाजू थोडी बसतेच, पण एवढी नाही. खाली गेलो. टॉर्शन बार म्हणजे चेसिसच्या कडेनं लांब जाणारी पोलादी सळी. पुढचं टोक चाक धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये, मागचं टोक आडव्या मेंबरमधल्या एका छोट्या अँकर आर्ममध्ये. चाक वर गेलं की सळी पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. मागच्या अँकर आर्मखाली एक लांब बोल्ट असतो. तो आवळला की आर्म फिरतो, त्याबरोबर सळीही फिरते आणि गाडी उचलली जाते. डावीकडच्या बोल्टला अजून भरपूर आटे शिल्लक होते. उजवीकडचा जवळपास शेवटापर्यंत आवळलेला, तरी बाजू खाली. याचा अर्थ एकच: सळी आणि अँकर यांच्यातले दाते एक घर चुकून बसलेले.

"मामा, मध्ये गिअरबॉक्स उतरवला होता का?"

"गेल्या दिवाळीत क्लच प्लेट बदलली."

तेव्हाच सळ्या काढल्या असणार आणि खडूनं खूण न करता परत बसवल्या असणार. ज्या शेडमध्ये झालं त्यांना दोष द्यायला मी बसलो नाही. हीच चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली आहे. फक्त एवढं सांगतो की डावी-उजवी सळी अदलाबदल झाली नव्हती, हे नशीब. या सळ्यांना बनवतानाच एका दिशेनं पीळ देऊन बसवलेला असतो, टोकावर डाव्या-उजव्याची खूण असते. उलट्या दिशेनं ताण आला तर सळी तुटू शकते.

बोल्ट पूर्ण सैल करून, अँकर एक दाता फिरवून, दोन्ही बाजू ४९४ वर आणल्या. उजवीकडच्या बोल्टला आता डावीइतकेच आटे शिल्लक. मामांना म्हटलं, एक इंच इथंच मिळाला, आठ दिवस चालवून बघा. आठ दिवसांनी ते आले. बांधावर घासणं कमी झालं होतं, बंद झालं नव्हतं. "दोन इंच म्हणालो होतो मी," असं त्यांनी शांतपणे आठवण करून दिली.

मामांना मिळालेले सल्ले

या आठ दिवसांत मामांनी गावातून, खानापुरातून आणि गोव्यातल्या एका मित्राकडून सल्ले गोळा केले होते. एकेक ऐकत गेलो.

पहिला सल्ला भाच्याचा, स्पेसरचा. कॉइलच्या गाडीत दोन प्रकारचे स्पेसर घालतात आणि दोन्हींना लोक एकाच नावानं हाक मारतात. एक खांबाच्या डोक्यावर, चेसिस आणि वरच्या प्लेटच्या मध्ये. दुसरा आत, स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये. भाच्याचा पहिल्या प्रकारचा. खांब खालच्या आर्मच्या मध्यावर कुठंतरी बसतो, चाक मात्र आर्मच्या टोकाला. त्यामुळं वर २५ मिमी घातले की चाकापाशी जवळपास ४५ मिळतात. म्हणूनच "पंचवीसच्या स्पेसरनं दोन इंच उचलली" ही जादू होते. पण अख्खा खांबच खाली सरकल्यामुळं चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हाही ४५ मिमी जास्त खाली लोंबतं, आणि एक्सल शाफ्टचे सांधे तेवढ्याच जास्त वाकतात. आतला स्पेसर घातला तर लोंबण्याची हद्द तीच राहते, पण गाडी आधीच वर बसल्यामुळं लोंबायला उरतं कमी. मामांच्या गाडीला दोन्ही लागू नाहीत, तरी हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा. टॉर्शन बारचा बोल्ट आवळणं म्हणजे हुबेहूब तेच.

दुसरा सल्ला शेजारच्या जुन्या जीपवाल्याचा: लांब शॅकल टाका. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी जोडपट्टी. त्याच्या जीपला पुढंही पाटे आहेत, त्याच्यापुरतं ते बरोबर. तिथंही एक गणित लोक विसरतात. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून ५० मिमी लांब शॅकलनं मधला एक्सल २५ च उचलला जातो, शिवाय एक्सल थोडा फिरतो आणि स्टिअरिंगचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या कण्याभोवती वळतं त्याचा पुढं-मागं कल, बदलतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागते. पाट्यांच्या गाडीत मी एक जादा पाटा किंवा नव्यानं कमान दिलेला सेट बरा समजतो. पुढच्या एक्सलवर ठोकळा ठेवून लांब यू क्लॅम्प मारणाऱ्यांना मात्र हात जोडतो. ब्रेक लागताना एक्सल पिळतो, तो सगळा जोर त्या ठोकळ्यावर येतो, आणि स्टिअरिंग त्याच एक्सलवर असतं.

तिसरा सल्ला गोव्याचा: वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटखाली, म्हणजे चाकाकडच्या गोल सांध्याखाली, स्पेसर. हा सल्ला चुकीचा नाही. बार आवळून गाडी उचलली की वरचा आर्म आपल्या खालच्या थांब्याच्या, म्हणजे रबराच्या जवळ येतो. बॉल जॉइंटला स्पेसर दिला की तो आर्म पुन्हा वर उचलला जातो आणि गेलेलं लोंबणं थोडं परत मिळतं. उद्यमबागेत कुठल्याही टर्नरकडं असा स्पेसर अर्ध्या दिवसात तयार होतो, आमचं बेळगाव त्या बाबतीत श्रीमंत आहे. पण परत मिळालेलं लोंबणं फोर बाय फोर गाडीत शेवटी एक्सल शाफ्टच्याच मानेवर येतं. मग शॉकअपही लांब हवेत, नाहीतर आता थांबा म्हणून शॉकअपच काम करायला लागतो. एका स्पेसरपाठोपाठ चार वस्तू बदलायची ही वाट मामांसाठी मला नको वाटली.

चौथा, मुलानं मोबाईलवर दाखवलेला: सगळा सांगाडाच खाली सोडणारा मोठा किट. आर्म, डिफ्रेंशियल, आडवा मेंबर, सगळं नव्या ब्रॅकेटवर चार-सहा इंच खाली बसवायचं. दिसायला गाडी डोंगराएवढी. आर्मचे कोन मूळचेच राहतात, त्यामुळं गाडी चालायला चांगली, हे खरं. पण मुलाला विचारलं, यात पोटाखालची जागा किती वाढली? तो गप्प झाला. चेसिस वर गेली, पण सस्पेंशनचा मेंबर तेवढाच खाली आला. जमिनीपासून त्याची उंची होती तीच. असा किट मोठे टायर बसवायला जागा करून देतो. खरी उंची देतो तो टायर. चेसिस आणि बॉडीच्या मध्ये गट्टू ठेवून नुसती बॉडी उचलण्याचंही असंच. चेसिस जागेवर, वर पत्रा तेवढा उंच, आणि स्टिअरिंगच्या शाफ्टपासून रेडिएटरच्या पाइपापर्यंत सगळं ओढाताणीत.

कायद्याचंही बोललो, कारण पिवळी पाटी आहे आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ब्रॅकेट वेल्ड करणं, बॉडी उचलणं सरळ यात बसतं. कंपनीनं उंची लावण्यासाठीच दिलेला बोल्ट त्याच्या हद्दीत फिरवणं हे माझ्या समजुतीनं फेरफार नव्हे, देखभाल आहे. याही कारणानं मी बोल्टवरच थांबायचं ठरवलं.

पोत्यांचा प्रयोग

आता प्रश्न उरला, बोल्टनं किती? मामा म्हणत होते पूर्ण ५०. मी म्हणत होतो २५. त्यांचा मुलगा म्हणत होता, बार आवळला की गाडी दगडासारखी कडक होते, सगळे सांगतात.

हा समज सगळीकडं आहे, म्हणून तिथंच तपासला. ४९४ वर असताना बोनेटच्या पुढच्या कडेवर गोधडी घालून खताची ५० किलोची दोन पोती ठेवली. गाडी ११ मिमी दबली. मग दोन्ही बाजू बोल्टनं ५४४ वर नेल्या, म्हणजे मामांचे पुरते ५० मिमी, आणि तीच पोती पुन्हा ठेवली. दबली ११, फार तर १२. सळी तीच, तिची जाडी-लांबी तीच, मग ताकद वाढेल कशी? बोल्ट फक्त पिळाची सुरुवात पुढं सरकवतो.

मग गाडी कडक लागते हे लोक खोटं सांगतात का? नाही. लागते, पण कारण वेगळं. ४९४ वर असताना जॅकवर उचलून चाक सोडलं तेव्हा ते ७८ मिमी खाली लोंबत होतं. हे लोंबणं म्हणजे खड्ड्यात चाक सोडायची मुभा. गाडी ५० नं वर बसवली की चाक लोंबण्याची शेवटची जागा तीच, त्यामुळं मुभा उरली २८. स्पीडब्रेकरवरून उतरताना, खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, चाक २८ मिमीतच आर्मच्या रबराला जाऊन आदळतं. तो टक्क आवाज आणि झटका म्हणजे लोकांचा 'कडकपणा'. शॉकअपही जवळपास ताणलेल्या अवस्थेतच काम करतो.

मामांना ऐकून पटणार नव्हतं, म्हणून ५४४ वरच गाडी दिली आणि टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली ते, जुजबी लावून दिला. खानापूर ते बेळगाव रस्ता काही वाईट नाही, तरी तीन दिवसांत मामा परत. "खालनं कोण तरी हातोडा मारतंय बघा." अलाइनमेंटच्या पट्ट्यावर घेतली तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मूळच्या अधिक २० मिनिटांवरून (साठ मिनिटांचा एक अंश) अधिक १ अंश १० मिनिटांवर गेलेला, म्हणजे चाकं वरून बाहेर झुकलेली. अशी चालवली तर टायरची बाहेरची कड आधी खाल्ली जाते. स्टिअरिंगचा जोर चाकाला देणाऱ्या टाय रॉडचा कोनही वाढलेला, त्यामुळं एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातात किंचित ओढायचं. रात्री समोरचे ड्रायव्हर लाईट मारून शिव्या देत होते ते वेगळंच. मागं आठ-दहा क्विंटल भरले की शेपूट बसतं, नाक उचलतं, आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत. हेडलाईट खाली घ्यायचे राहिलेच होते. ती चूक माझी.

चाक लोंबलेलं असताना हातानं फिरवून बघितलं तर एक्सल शाफ्टच्या आतल्या सांध्याचा बूट, म्हणजे रबरी टोपण, घडीवर घासायला लागला होता. अजून फाटला नव्हता.

पंचवीस आणि टायर

मग कागद घेऊन बसलो आणि तिन्ही घासणाऱ्या जागांचा हिशेब मांडला. गाडीवर २१५/७५ आर १५ टायर होते, बाहेरचा व्यास ७०३ मिमीच्या आसपास. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी २३५/७५ आर १५ देते, व्यास ७३३. फरक ३० मिमी, म्हणजे जमिनीपासून १५ मिमी, आणि तोही सगळ्या गाडीला, हाउसिंगसकट.

नुसतं ५० उचललं तर प्लेटला ५६, मेंबरला ३३, हाउसिंगला काहीच नाही. २५ उचलून मोठे टायर घातले तर प्लेटला ४३, मेंबरला ३२, हाउसिंगला १५. मेंबरला मिळणारी उंची जवळपास तेवढीच. प्लेटला १३ मिमी कमी, पण उजवीकडं दाता सुधारून २४ आधीच मिळालेले. आणि लोंबायला २८ ऐवजी ५३ मिमी शिल्लक. मामा हिशेबाचे पक्के आहेत, भाताचा भाव आणि अडत पोटात ठेवणारा माणूस. कागद दोनदा वाचला. "मागचं पंधरा फुकट मिळतंय म्हणा की." फुकट नव्हे, चार टायरांचे पैसे आहेत, असं म्हटलं. जुने टायर तसेही पावसाळा काढण्याच्या लायकीचे राहिले नव्हते, म्हणून ते तयार झाले. टायर घेताना भार-क्रमांक जुन्यापेक्षा कमी नको हे चिठ्ठीवर लिहून दिलं. रुंदी बघून कारचा टायर पिकअपला मारणारे दुकानदार मी बघितले आहेत.

दोन्ही बाजू ५१९ वर लावल्या. लावताना प्रत्येक वेळी गाडी पुढं-मागं दहा फूट ढकलून, नाक दाबून सोडून मग मोजायचं. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं तर चाकं आत ओढलेली असतात आणि गाडी खोटं उंच दाखवते. बोल्ट फिरवतानाही चाकावरचा भार काढून फिरवायचा, नाहीतर आटे जातात. मग कॅम्बर, कॅस्टर, टो, या क्रमानं अलाइनमेंट. कॅम्बर अधिक अर्ध्या अंशात आला. हेडलाईट या वेळी आठवणीनं खाली घेतले, मागं दहा पोती टाकून. पूर्ण वळणावर रिव्हर्स घेताना उजवा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागत होता. प्लास्टिक मागं ओढून दुसऱ्या भोकात क्लिप मारली.

स्पीडोमीटर आता साडेचार टक्क्यांच्या आत कमी दाखवतो. काटा ६० वर असला की गाडी खरी साडेबासष्टवर असते, हे मुलाला बजावलं. पहिल्या गिअरची ओढही तेवढीच कमी झाली. भरली गाडी चिखलातून काढताना लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचा जादा ओढीचा गिअर, लावायची, क्लच जाळायचा नाही.

चाकोरीचा २३० चा उंचवटा मात्र २२० च्या हाउसिंगला अजूनही जास्तच होता. त्यावर शेडमध्ये इलाज नाही. मामांनी दोन वाईट जागी मुरमाच्या चार-चार ट्रॉल्या टाकून घेतल्या आणि उरलेल्या वाटेवर एक चाक उंचवट्यावर ठेवून चालवायची मुलाला सवय लावली. माझ्या सगळ्या कामात नसेल एवढा फरक त्या मुरमानं पडला असावा.

पावसाळ्यानंतर

जुलैत भाचा आला, मामांसाठी नव्हे, स्वतःसाठी. पुढच्या डाव्या एक्सलचा बाहेरचा बूट फाटून ग्रीस रिमवर उडालेलं, सांध्यात चिखल गेलेला, वळताना कटकट. स्पेसर काढायला तो तयार नव्हता. सांधा बदलून दिला, आणि डिफ्रेंशियलची बैठक थोडी खाली घेऊन कोन कमी करता येतो का ते बघू, असं बोलणं तेवढ्यावर राहिलं.

मामांची गाडी दिवाळी झाल्यावर आली. टायरची नक्षी आत-बाहेर मोजली, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. प्लेटवर नवे ओरखडे दोन. मेंबरवर चिखल होता, पण धातूवर ओरखडा नव्हता. हाउसिंगचं पोट अजूनही खालून चमकत होतं. डावी बाजू ५१७, उजवी ५१३. सळी नव्या पिळावर थोडी बसतेच, त्यात ड्रायव्हरची बाजू. दोन्ही बोल्टांना अजून आटे होते.

"सहा मिलिमीटर उतरलीय उजवी. वाढवून देऊ?"

मामा गाडीखाली वाकले, हात लावून बघितला, उठले. "राहू दे. ऊस जाऊ दे आधी."

अलाइनमेंट तपासायचे पैसे दिले आणि जाताना मुलाला म्हणाले, वाटेत खानापुरात थांब, भाच्याला घ्यायचंय, त्याची गाडी परत उभी आहे.